आईच्या खोलीतील एअर प्युरिफायर : एका वर्षाचा अनुभव

माझी आई ७१ वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. आम्ही उत्तर नागपुरात राहतो. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही औष्णिक वीज केंद्रे याच दिशेला आहेत आणि शहरातील सिमेंट रस्त्यांची खोदकामेही वर्षानुवर्षे सुरू आहेत. खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळपर्यंत पुन्हा बसते. गेल्या नोव्हेंबरात आईला सलग चार रात्री उठून बसावे लागले, तेव्हा आम्ही सीताबर्डीतून ११,५०० रुपयांचा एअर प्युरिफायर आणला.

यंत्राची रचना साधी आहे. पंखा खोलीतील हवा आत ओढतो, बाहेरची जाळी केस आणि जाड धूळ अडवते आणि आतील घडीदार हेपा फिल्टर सूक्ष्म कण धरून ठेवतो. हेपाचा प्रचलित निकष ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडवण्याचा आहे, आणि पकडायला सर्वांत अवघड कण साधारण याच आकाराचे असतात. दमेकऱ्याला विशेष त्रास २.५ मायक्रॉनहून लहान कणांचा होतो. मोठी धूळ बरीचशी नाकात आणि घशात अडकते, परंतु हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारतीय मानकानुसार हवेत त्यांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ इतकी खाली आणली.

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास यंत्राच्या पडद्यावर या सूक्ष्म कणांचा आकडा १३० ते १५० दिसत असे. थंडीत जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, वारा पडतो आणि चौकातील शेकोटीपासून वाहनांपर्यंत सर्वांचा धूर तेथेच साचून राहतो. दार-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगाने चालवल्यावर अर्ध्या तासात आकडा ३० च्या आसपास येई. आईचे रात्रीचे उठणे कमी झाले आणि पहाटेचा खोकलाही घटला, आणि आमच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. मात्र तिच्या छातीच्या डॉक्टरांनी इनहेलरची मात्रा स्वतःहून कमी करू नका, असे बजावून सांगितले आहे आणि ते आम्ही काटेकोरपणे पाळतो.

खरेदी करताना दुकानदार खोलीचे क्षेत्रफळ विचारतो, पण छताची उंचीही मोजावी. आईची खोली १० बाय १२ फूट असून छत १० फुटांवर आहे, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर यंत्राची क्षमता ताशी किमान १७० घनमीटर हवी. आमच्या यंत्रावर ३०० लिहिले आहे, परंतु तो पूर्ण वेगाचा आकडा आहे. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून निवडलेल्या शांत वेगावर हीच क्षमता ८० वर येते. म्हणून आम्ही झोपण्यापूर्वी तासभर पूर्ण वेग ठेवतो आणि नंतर मधल्या वेगावर आणतो. आयन (विद्युतभारित कण) सोडणारे बटण मात्र आम्ही कायम बंद ठेवले आहे, कारण अशा यंत्रणेतून ओझोन निर्माण होऊ शकतो आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला तो त्रासदायक असतो.

या यंत्राने आम्हाला घरातील धूरही दाखवून दिला. स्वयंपाकघराचे दार उघडे असताना मिरचीची फोडणी पडली की आकडा ३०० च्या पुढे जातो आणि देवघरातील धुपानेही तो झपाट्याने चढतो. आता धूप अंगणात लावला जातो आणि फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा सुरू असतो. या दोन बदलांना काहीच खर्च आला नाही, आणि यंत्र नसलेल्या घरांनीही ते आजच करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय हा फिल्टर कोंदट खोलीतील कार्बन डायऑक्साइड काढू शकत नाही, म्हणून दुपारी ऊन चढून हवा मोकळी झाली की आम्ही तासभर खिडक्या उघडतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो आणि ती निघून जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. एवढ्या वाहत्या हवेपुढे प्युरिफायरचा टिकाव लागत नाही. एप्रिल ते जून आम्ही त्याला खोळ घालून ठेवले. एसीच्या बंद खोलीत ते चालेल, पण आईला एसी सोसत नाही.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करता येते, मात्र हेपा फिल्टर धुता येत नाही, तो बदलावाच लागतो. २,४०० रुपयांच्या नव्या फिल्टरसाठी जानेवारीत आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले आणि त्या काळात आईला पुन्हा दोनदा वाफ द्यावी लागली. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर रुग्णाला असे ताटकळत ठेवणे मला अजिबात मान्य नाही. यंदा दिवाळीपूर्वीच एक जादा फिल्टर आणून कपाटात ठेवला आहे आणि त्याच्या खोक्यावर खरेदीची तारीख लिहिली आहे.