एचिंग आणि त्याची तांब्याची प्लेट: नौपाड्यातल्या फ्रेमवाल्याकडे देताना

ठाणे पश्चिमेला नौपाड्याच्या गल्लीतलं हे छोटं दुकान देवांच्या तसबिरींपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं फ्रेम करतं. जुनं एचिंग (आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून कागदावर छापलेलं चित्र) आणि त्याची मूळ प्लेट इथे द्यावी का? द्यावी, पण सांगून.

यांची खरी ताकद तपासणीत आहे. कागद आधी दिव्याच्या तिरप्या उजेडात धरतात. प्रेसमधून जाताना प्लेटची कड ओलसर कागदात रुतते, म्हणून चित्राभोवती आयताकृती दाब उमटतो. मागून बोट फिरवलं की तो हलकेच जाणवतो. मग दहापट भिंग: अस्सल रेषेवर शाई किंचित उंच बसलेली दिसते. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांत छापलेली नक्कल, कागद कितीही पिवळा असला तरी. नुसत्या दाबावर मात्र भुलू नये, तो नंतर कोऱ्या प्लेटनेही देता येतो. रविवर्मा प्रेसची चित्रं दगडावरून छापलेली, त्यांत हा दाब शोधूच नये.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला बोर्ड, कापताना चूक होते. सांगितलं नाही तर खिडकी थेट चित्राच्या कडेला कापतात आणि दाब झाकला जातो. दाबाच्या बाहेर 5 ते 6 मिमी मोकळं ठेवा, असं कागदावर लिहून द्या. बोर्ड ॲसिड-फ्री मागा. कागद फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने अडकवायचा. सेलोटेप किंवा फेविकॉल अजिबात नको. डाग पडतात आणि पुढे कागद न फाटता सुटत नाही.

प्लेटच्या बाबतीत कडक राहा. "पितळेच्या पॉलिशने चकचकीत करून देतो," असं ते आपुलकीने म्हणतात. नको. पॉलिशमधली भुकटी रेषांच्या कडा झिजवते आणि खाचांत पांढरी होऊन बसते. ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईने थेट तांब्यावर ओढलेल्या रेषेची, खरबरीत कड तर सगळ्यात आधी जाते, आणि त्या रेषेचा मखमली काळेपणा तिच्यातच असतो. मऊ ब्रशने धूळ झटकून, हातमोजे घालून, ॲसिड-फ्री कागदात गुंडाळणं पुरे. तांब्यावर पोलादाचा मुलामा दिलेल्या प्लेटा राखाडी दिसतात. त्या गंजतात, सोबत सिलिका जेल हवंच.

चित्र आणि प्लेट एकाच फ्रेममध्ये शेजारी, हा त्यांचा आवडता सल्लाही नाकारावा. दमट हवेत तांब्याचे क्षार कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतात. दोन वेगळ्या फ्रेम करून घ्या.

प्लेट हाती आली म्हणजे ठसाही तितकाच जुना, असं नसतं. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याच्या प्लेटांवरून पॅरिसचा चित्रप्रकाशक बाझाँ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा ठसे काढले, ते थकलेले असतात. प्लेटवरचं चित्र उलटं असतं, म्हणून ठशाशी ताडताना आरसा जवळ ठेवावा.

जून ते सप्टेंबर इथे काम देऊ नका. दुकानात एसी नाही, ओलावा फ्रेममध्येच बंद होतो आणि दिवाळीपर्यंत काचेआड बुरशीचे ठिपके दिसू लागतात.