तबेल्यातील रबरी मॅट: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यातील अनुभव

मुंबईच्या गोरेगावातील आमच्या तबेल्यात म्हशींच्या दोन रांगा आहेत. त्यांपैकी एका रांगेखाली गेल्या दिवाळीच्या सुमारास रबरी मॅट बसविल्या आणि दुसरी रांग जुन्या सिमेंटच्या कोब्यावरच ठेवली. आता श्रावण सरत आला आहे; थंडी, एप्रिल-मेचा उकाडा आणि पावसाळ्याचा मोठा भाग या मॅटवरून गेला आहे, त्यामुळे विक्रेत्यांच्या पत्रकांपेक्षा थोडे अधिक खात्रीने काही सांगता येईल. मत आधीच नोंदवून ठेवतो: जनावराला मॅटमुळे आराम नक्की मिळतो, परंतु खालच्या कोब्याला उतार नसेल तर हीच मॅट विकतचे दुखणे ठरते.

मॅटचा विचार करावा लागला तो मुंबईतील तबेल्याच्या रचनेमुळे. गावाकडे म्हैस दिवसाचा काही काळ तरी मोकळ्या मातीवर किंवा मुरुमावर असते. आमच्याकडे ती व्याल्यानंतर येते, दूध देते तोवर एकाच जागी बांधलेली असते आणि भाकड झाली, म्हणजे दूध आटले, की परत जाते. हरियाणातून आलेली मुऱ्हा किंवा सौराष्ट्रातून आलेली जाफराबादी म्हैस लांबचा प्रवास करून, नुकतीच व्यालेली आणि अंगाने थकलेली असताना एकदम सिमेंटवर उभी राहते. पाचशे किलोंच्या घरातले ते वजन खाली बसताना आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, आणि बसण्याची ती क्रिया शेवटच्या काही इंचांत जवळजवळ आदळल्यासारखीच असते. दुभत्या गाईने दिवसाचे दहा ते चौदा तास बसून काढावेत असे मानले जाते. म्हैस त्याहून थोडी कमी बसते, पण जमीन बोचत असेल तर ती बसण्याचेच टाळते आणि रवंथही उभ्याने करते. आपल्या जमिनीची पारख करायची असेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते: म्हशीच्या जागी स्वतः गुडघे टेकून पाहावे. गुडघे दुखले तर जमीन कडक आहे आणि लेंगा भिजला तर ती ओली आहे. आमच्या कोब्यावर दोन्ही गोष्टी घडत होत्या.

कोबा फोडून संपूर्ण जमीन नव्याने करणे हा खरा उपाय होता, परंतु शहरात ते सोपे नाही. महाराष्ट्रात शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा 1976 चा कायदा आहे, परवान्याशिवाय जनावर ठेवता येत नाही आणि शेजारी मोकळी जागा तर नसतेच. 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली ती शहरातील तबेले हलविण्यासाठी, तरीही जे तबेले वस्तीत राहिले त्यांच्या चारी बाजूंनी आता इमारती आहेत. म्हशी काही आठवडे हलवायच्या कोठे? शिवाय नवा कोबा नुसता सुकून भागत नाही. त्यावर भरपूर पाणी मारून तो मुरू द्यावा लागतो, कारण ताज्या सिमेंटचा क्षार खुरांना आणि कासेच्या कातडीला झोंबतो आणि त्याचा नवा खरखरीतपणा खुरांचे तळ घासून काढतो.

म्हणून मधला मार्ग काढला. एका रांगेचा ओटा, म्हणजे म्हशी बांधण्याचा चौथरा, थोडाथोडा करून वरच्या थरापुरता दुरुस्त केला, गव्हाणीकडून मागच्या नालीकडे उतार दिला आणि मग त्यावर मॅट टाकल्या. साडेपाच फूट लांबीच्या ओट्याला सुमारे दीड इंच उतार असावा, म्हणजे साधारण चाळीस फुटांस एक फूट. यापेक्षा कमी ठेवला तर मूत्र साचते. फार वाढविला तर म्हशीचे वजन सतत मागच्या पायांवर येते आणि गाभण जनावराला ते चांगले नसते. रांगेच्या टोकाला खांबाजवळच्या काही जागांमध्ये मात्र नालीच उंच असल्यामुळे हा उतार मिळालाच नाही. तेथेही मॅट टाकल्या आणि त्यामुळे आयतीच तुलना हाती आली: उतारावरची मॅट, सपाट जागेवरची मॅट आणि मॅटविना कोबा.

घेतलेली मॅट साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सतरा मिलिमीटर जाड आहे. वरच्या बाजूला घसरू नये म्हणून उठावदार नक्षी आणि खालच्या बाजूला पाणी वाहून जावे म्हणून खाचा आहेत. किंमत जाडीप्रमाणे बदलते. आम्हाला एक मॅट तीन हजारांच्या आसपास पडली. फोमसारख्या हलक्या मॅटही पाहिल्या. त्या उचलायला सोप्या असतात, परंतु जाफराबादीच्या खुराखाली त्या किती टिकतील याची शंका वाटल्याने घेतल्या नाहीत. रबराच्या मॅटमध्येही टायरचा चुरा दाबून केलेल्या स्वस्त मॅट असतात. त्या घेताना कडा वाकवून पाहाव्यात, चुरा सुटतो का ते पाहावे, आणि टायरमधील तारेचा एखादा तुकडा राहिलेला नाही ना हे हात फिरवून तपासावे, कारण ती तार खुरात किंवा पोटात जाऊ शकते. नव्या मॅटचा रबरी वास काही आठवडे राहिला, नंतर गेला.

साडेसहा फुटांचे माप हे बाजारातील प्रचलित माप आहे, आपल्या ओट्याचे नव्हे, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. बांधलेल्या म्हशीसाठी पाच ते साडेपाच फूट लांब आणि साडेतीन ते चार फूट रुंद जागा पुरेशी मानली जाते. ओट्यापेक्षा लांब मॅट टाकली की तिचा शेवट नालीवर लोंबतो, म्हैस मागे सरकून त्यावर पाय ठेवते आणि कड मोडते. शेणही तेथेच अडकते. आम्ही फूटभर भाग कापून काढला. तीक्ष्ण सुरीवर पाणी सोडत कापले तर रबर सरळ कापले जाते, कोरडी सुरी मध्येच धरते. मॅटच्या पुढच्या कडेलाच बोल्ट मारले, मागची बाजू मोकळी ठेवली, आणि दोन मॅटमध्ये बोटभर फट सोडली, कारण उन्हाळ्यात रबर फुगते आणि एकमेकांना भिडलेल्या मॅटच्या कडा उचलल्या जातात.

आता म्हशींविषयी. पहिल्या काही दिवसांत त्यांनी मॅट हुंगली, पाय आपटून पाहिले आणि मग निवांत बसू लागल्या. उठण्याबसण्यातला फरक सगळ्यांत आधी दिसला. कोब्यावरची म्हैस उठताना मागचा भाग उचलते, पुढचे पाय घसरतात आणि ती क्षणभर गुडघ्यांवरच थांबते. मॅटवर तेच उठणे एका दमात होते. दुपारच्या धारेआधी तबेल्यात फेरी मारली तर मॅटच्या रांगेत बसलेल्या म्हशींची संख्या दुसऱ्या रांगेपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. पुढच्या गुडघ्यांवरची सूज आणि मागच्या सांध्यांवरची घासलेली, केस गेलेली कातडी मॅटच्या रांगेत फार कमी झाली, आणि याच एका गोष्टीसाठी मी पैसे खर्च झाल्याचे समाधान मानतो.

खुरांचे चित्र मात्र मिश्र आहे. मॅटवर खूर झिजत नाहीत, त्यामुळे टोके वाढतात आणि ती कापावी लागतात. कोब्यावर हेच काम सिमेंट करीत होते, जरा जास्तच करीत होते. आमच्याकडे म्हैस एक वेत, म्हणजे व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ, संपेपर्यंतच राहते, म्हणून ही वाढ हाताबाहेर जात नाही. ज्यांच्याकडे तीच जनावरे वर्षानुवर्षे असतात त्यांनी चालण्याची वाट तरी खाचा पाडलेल्या सिमेंटची ठेवावी.

उन्हाळ्याने मला विचारात पाडले. गाईंसाठी लिहिलेला सल्ला जमीन कोरडी ठेवा असा असतो आणि तो बरोबरच आहे, परंतु म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी, आणि मुंबईत डुंबायला डबके नाही. तिला दिवसातून दोनदा तरी पाइपने धुवावेच लागते. ओला कोबा तिच्या पोटाला गारवा देतो, रबर देत नाही. मे महिन्यात मॅटच्या रांगेतील म्हशी दुपारी बसण्याऐवजी उभ्या राहून धापा टाकताना दिसल्या, आणि शेजारच्या रांगेतल्या मात्र त्या कठीण, ओल्या सिमेंटवर पसरून पडलेल्या होत्या. पंखे वाढविले, दुपारी म्हशी एकदाऐवजी दोनदा धुतल्या, धुताना मॅटवरही पाणी मारले, तेव्हा फरक पडला. म्हशीच्या तबेल्यात मॅट घेणाऱ्याने पंख्यांचा आणि पाण्याचा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

पावसाळ्यात प्रश्न वेगळाच झाला. जुलैत हवाच इतकी ओली असते की कोणतीच जमीन वाळत नाही. उतारावरच्या मॅटखालून पाणी वाहून गेले आणि वरचा भाग धुतल्यावर निदान निथळला. सपाट जागेतल्या मॅटखाली मात्र मूत्र आणि शेणाचा रबडा साचला, अमोनियाचा उग्र वास सुटला, डोळे चुरचुरू लागले आणि मॅट उचलली तर खाली अळ्या दिसल्या. त्या मॅट आम्ही काढून टाकल्या. तेथे त्यांच्यापेक्षा नुसता कोबा बरा. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती असलेल्या या शहरात, जेथे उंदीर आणि साचलेले पाणी एकत्र येतात, तेथे जनावराखाली आणि कामगारांच्या अनवाणी पायांखाली मूत्राचे डबके झाकून ठेवणे मला परवडणारे वाटत नाही.

कासेच्या आरोग्याबाबत विक्रेता जे सांगतो ते तपासून घ्यावे. मॅटमुळे कासदाह, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, थांबतो असे नाही. शेणातील जंतू सडाच्या (स्तनाग्राच्या) तोंडातून आत जातात, आणि मॅट घाण असेल तर ती कोब्याइतकीच धोकादायक असते. धार काढल्यानंतर सडाचे तोंड पूर्ण मिटायला निदान अर्धा तास लागतो. तेवढा वेळ म्हैस उभी राहावी म्हणून आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही वैरण धारेनंतर लगेच टाकतो. मॅट आल्यापासून हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण मऊ जागा मिळाली की म्हैस लगेच बसू पाहते. मॅटवर लाकडाचा भुसाही थोडे दिवस पसरून पाहिला. पावसाळ्यात तो ओला होऊन सडांना चिकटत होता आणि नालीत जाऊन ती तुंबवत होता, म्हणून बंद केला. वाळू हा बसण्यासाठी उत्तम थर मानला जातो आणि जंतूंना त्यात खाद्य मिळत नाही हे खरे, परंतु शहरातल्या नाल्यांत वाळू सोडणे शक्य नाही आणि वाळूमिश्रित शेण कोणी घेतही नाही.

दूध वाढेल, असे आश्वासन विकताना मिळाले होते. दोन्ही रांगांच्या मापांत मला खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. दूध वेतावर, व्यायल्यापासून गेलेल्या दिवसांवर, वैरणीवर आणि उकाड्यावर इतके अवलंबून असते की एकट्या मॅटचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि जो काढून दाखवितो त्याच्यावर विश्वास ठेवण्याची मला घाई नाही.

कामाचा भाग राहिला. शेण काढणे सोपे झाले. रबरी फळीने एका ओढीत ते नालीत जाते आणि पूर्वीसारखे खराट्याने खरडावे लागत नाही. याउलट ओली मॅट उचलणे दोन माणसांचे काम आहे, आणि पंधरवड्यातून एकदा ती उचलून खालचा भाग धुवून चुना मारण्याचे काम आमच्या माणसांना अजिबात आवडत नाही. सुरुवातीला ते टाळले जात असे. आता म्हशी धुवायला बाहेरच्या मोरीवर नेल्या जातात त्याच वेळी ते उरकतात. वरची नक्षी जेथे म्हैस पुढचे पाय सतत ठेवते तेथे काहीशी गुळगुळीत झाली आहे, कडा मात्र अजून शाबूत आहेत. बोल्ट गंजले, त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे घातले, आणि नव्याने बसविणाऱ्याने पहिल्यापासून तेच घालावेत.

दुसऱ्या रांगेलाही मॅट घ्यायच्या आहेत, पण पावसाळा संपल्यावर, आधी नाली तीन-चार इंच खोल करून आणि ओट्याला उतार देऊन. खांबाजवळच्या जागांसाठी नाली खोल करणे शक्य झाले तर तेथेही पुन्हा टाकू. नाही झाले तर तेथे कोब्याला हिऱ्याच्या आकाराच्या खाचा पाडून घेऊ आणि त्या जागा भाकड व्हायला आलेल्या म्हशींसाठी ठेवू, म्हणजे नव्याने आलेली, ताजी व्यालेली म्हैस मॅटच्या जागेवरच बांधता येईल.