क्लो दे द्यूक की क्लो दे पोरे? वीस वर्षं ठेवायची असेल तर

मुलीच्या जन्मवर्षाची बर्गंडी, म्हणजे फ्रान्सच्या त्या प्रांतातली रेड वाइन, घ्यायची ठरलं, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न दोन घराण्यांपाशी येऊन थांबला: व्होल्नेचे मार्की दांजरव्हिल आणि नुई-सां-जॉर्जचे आंरी गूज. तुम्हीही याच दोघांत अडकला असाल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

ही दोन्ही घरं एकाच लढ्यातली. व्यापाऱ्यांच्या भेसळीविरुद्ध उभं राहून, 1930 च्या सुमारास आपली वाइन आपणच बाटलीत भरायला लागलेल्या मोजक्या मंडळींत दोघेही होते. दोन्ही गावांत ग्रां क्रू, म्हणजे तिथल्या प्रतवारीतला सर्वांत वरचा मळा, नाही. दोघांकडे एकेक अख्खा मळा फक्त स्वतःच्या मालकीचा आहे, दांजरव्हिलकडे क्लो दे द्यूक आणि गूजकडे क्लो दे पोरे; आणि दोघेही देठ काढूनच द्राक्षं आंबवतात, नव्या ओकच्या पिंपांबाबत हात राखून असतात. त्यामुळे चवीतला फरक मुख्यतः जमिनीचा, असं मला वाटतं.

सुगंधात क्लो दे द्यूक सरस, हे मान्य करायलाच हवं. व्होल्नेच्या वरच्या अंगाला, पांढरट मातीच्या चढावर हा मळा आहे. वाइन कोवळी असतानाही गुलाब आणि लाल चेरी स्पष्ट जाणवतात. पोरे त्या वयात गप्प असते. काळं फळ, लोहासारखी चव आणि जिभेला धरणारा तुरटपणा. घराण्याच्या नव्या पिढीतले वाइन बनवणारे ग्रेगरी गूज यांच्या हाताखाली टॅनिन (हा तुरटपणा देणारे घटक) पूर्वीइतके राकट राहिलेले नाहीत, पण घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

मग माझं मन पोरेकडे का वळलं? क्लो दे द्यूक जेमतेम 2.15 हेक्टरचा, आणि मागणी जगभरातून. मी ज्या दुकानातून घेतो तिथे एका गिऱ्हाइकाला एकच बाटली मिळते, तीही इतर वाइन घेतल्यावर. मला हे फार खटकलं. मुरायला ठेवलेली बर्गंडी मधली काही वर्षं मिटून बसते. ती कुठवर आलीय हे अधूनमधून एखादी उघडल्याशिवाय कळत नाही. एकच बाटली असली की वीस वर्षं नुसता अंदाज बांधत बसायचं. पोरेची सहाची पेटी सहज मिळाली, आणि पैसेही तुलनेने बेताचे पडले.

जुनी पोरे मी एका मित्राकडे प्यायलो आहे. कडेला विटकरी झाक, तळाशी बारीक गाळ, आणि पेल्यात पावसानंतरच्या रानाचा, अळंबीचा वास. तुरटपणा पूर्ण गेला नव्हता. त्याच्याच जोरावर ती इतकी टिकली असावी. तितकी जुनी क्लो दे द्यूक मी चाखलेली नाही, तेव्हा माझा कल एकतर्फी असू शकतो.

एखाद्या खास दिवशी एकदाच उघडायची असेल आणि बाटली हाती लागत असेल, तर क्लो दे द्यूक जरूर घ्या. नाहीतर पोरेची पेटी घेऊन 12-13 अंशांच्या जागी आडवी ठेवा, आणि पहिली बाटली दहाव्या वर्षाच्या आत काढू नका.