रचना सहायक की नगरपरिषदेचा अभियंता: विदर्भातली दोन टेबलं

स्थापत्यचा डिप्लोमा किंवा पदवी हाती आहे, नगर नियोजनाच्या सरकारी कामात शिरायचं आहे आणि घर वाशीम, यवतमाळ नाहीतर गोंदियाकडे आहे, अशांना साधारण दोन वाटा दिसतात. एक म्हणजे नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभागातला रचना सहायक. दुसरी म्हणजे नगरपरिषद राज्यसेवेतला स्थापत्य अभियंता. लहान गावात बांधकाम परवानगीचं टेबल आपसूक याच्याकडे येतं.

पगाराकडे बघून ठरवायला जाल तर हाती काही लागणार नाही. अलीकडच्या भरतीत दोन्हीकडे वेतनस्तर एस-१४ होता, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८००. रचना सहायक गट ब (अराजपत्रित), अभियंता गट क. रचना सहायकाला डिप्लोमा चालतो, नगरपरिषदेला पदवी लागते. खरा फरक कामाचा आहे. रचना सहायक बसतो ते नगर रचनेचं जिल्ह्याचं शाखा कार्यालय मुख्यतः अभिप्राय देतं. नगरपरिषद परवानगी देते किंवा नाकारते, आणि मग तो निर्णय गावात उभं राहून निभवावा लागतो.

आधी शाखा कार्यालय. नगरपरिषद हद्दीबाहेरची, प्रादेशिक योजनेतली ले-आऊटची फाइल महसूलकडून छाननीला येते. सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा), गाव नकाशा, झोन दाखला, पोचरस्त्याचा पुरावा हे सगळं आधी एकमेकांशी जुळवायचं. समजा सातबाऱ्यावर १२,००० चौ.मी. आहे, ‘क’ प्रतीत ११,८६० आणि आर्किटेक्टच्या नकाशात १२,०४०. अशा वेळी सर्वांत कमी, म्हणजे ११,८६० धरायचं. १० टक्के खुली जागा, रस्ते, भूखंडांची बेरीज, सगळं त्यावरून. नवा माणूस सातबारा पुढे ठेवून गणित करतो. मग १४० चौ.मी. जागा जमिनीवर सापडतच नाही आणि कडेचा एक भूखंड शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत निघतो. तोवर तो विकला गेलेला असतो.

२ डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत खुल्या जागेची अट ०.४० हेक्टरपासून लागते. त्यामुळे ३९ आरचा (०.३९ हेक्टर) अर्ज दिसला की फेरफार मागवा. मोठ्या नंबराचे नुकतेच तुकडे पडलेत का, ते तिथेच कळतं. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीचा विषय आला की मोजायचं नकाशावरच्या गावठाण हद्दीपासून. अर्जदार वस्तीच्या शेवटच्या घरापासून मोजून आणतो आणि त्याला ते मनापासून बरोबरही वाटतं. १:४००० च्या नकाशावर १ मि.मी. म्हणजे जमिनीवर ४ मीटर, तेव्हा पेन्सिलीला टोक करून बसा.

नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल हे वेगळंच प्रकरण. महसुली कागदावर सरकारी पडीक दिसणारी जमीन त्या नोंदीमुळे वन ठरते; सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला ते पुन्हा स्पष्ट केलं. विकास आराखड्यात अशा जागेवर शाळेचं किंवा बाजाराचं आरक्षण टाकलं, तर वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी येईपर्यंत तिथे वीटही चढत नाही. आरक्षण सुचवण्याआधी पटवाऱ्याकडून त्या नंबराच्या जुन्या नोंदी काढून घ्याव्यात, नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर विसंबू नये.

विकास योजनेच्या घटकात नेमणूक झाली तर विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण वाट्याला येतं. हे काम शिकण्यासारखं आहे, पण मे महिन्यात नको. ऊन सोडा, चुका जास्त होतात. कोरडी पडलेली बोडी (लहान तळं) मैदानासारखी दिसते आणि मोकळी जागा म्हणून नकाशावर चढते. आषाढात तिथे पाणी उभं असतं. बंद जिनिंगचं आवारही असंच फसवतं. गेटला कुलूप, आत गवत, पण तो औद्योगिक वापर आहे, रिकामा भूखंड नाही. खाली दुकान वर घर असेल तर मिश्र वापर लिहा. घाईत नुसतं निवासी लिहिलं की सगळी बाजार ओळ निवासी होऊन बसते आणि हरकतींच्या सुनावणीत गावापुढे उत्तर द्यावं लागतं.

आता नगरपरिषद. क वर्ग नगरपरिषद म्हणजे २५ ते ४० हजार लोकसंख्या. नगर पंचायत त्याहून लहान. २०१४ नंतर तालुक्याच्या बऱ्याच गावांना ती मिळाली. इथे नियोजनाचं काम तुकड्यांनी होतं. सकाळी नालीचं मोजमाप, दुपारी घरकुलाचे हप्ते, मध्येच निवडणुकीची ड्युटी, आणि उरलेल्या वेळात परवानग्या. नियोजनच करायचं असेल तर हे टेबल निराश करतं, असं आमचं मत. माणसं वाचायला मात्र याच टेबलावर शिकता येतं.

परवानगीच्या अर्जाला ६० दिवसांची मुदत आहे. त्यात निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव नियमात बसत असल्यास, परवानगी मिळाली असं कायदा मानतो. त्रुटी तोंडी सांगू नका, पत्र द्या. ‘सांगितलं होतं’ याला फाइलमध्ये जागा नसते. परवानगी एक वर्ष टिकते, नूतनीकरण धरून जास्तीत जास्त चार. जोत्याची तपासणी टाळली तर सामासिक अंतर (बांधकामाभोवती सोडायची जागा) कमी पडल्याचं थेट स्लॅबनंतर कळतं. मग नगर रचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ५३ ची, अनधिकृत बांधकामाची नोटीस काढायची पाळी येते आणि घरमालक बहुधा ओळखीचा, नाहीतर ओळखीच्याचा साळा असतो. पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या गावात तर बऱ्याच घरांना जुना नमुना ८ सोडून कागदच नसतो. ८ चा उतारा कर आकारणीचा आहे, त्यावरून मालकी किंवा परवानगी ठरत नाही. हे तुम्हाला रोज सांगावं लागेल आणि रोज कोणीतरी चिडेल.

सगळ्यांत महाग चूक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली, आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. नोटीस रजिस्टर पोस्टाने येते, आवक शिक्का बसतो आणि ‘कर विभाग’ असा शेरा पडून भलत्याच कपाटात जाते. क वर्गाकडे मोबदल्याला पैसे नसतातच, पण प्रस्ताव वेळेत गेला नाही तर ठपका अभियंत्यावर येतो. शाखा कार्यालयातली चूक सहसा वर्षांनी, सुनावणीत उघडी पडते. ही १२७ ची चूक मात्र मुदतीच्या तारखेलाच उघडी पडते.

बदल्यांचंही बघून घ्या. रचना सहायकाच्या जागा महसूल विभागनिहाय निघाल्या होत्या, म्हणजे अमरावती किंवा नागपूर विभाग धरून चालता येतं. नगरपरिषदेचा संवर्ग राज्यस्तरीय, कोकणाचीही तयारी हवी. पुढची शिडी रचना सहायकाला सहायक नगर रचनाकार, मग नगर रचनाकार अशी सरळ आहे, जरी त्या पायऱ्यांवर लोकसेवा आयोगातून थेट येणारेही भेटतात.

नगरपरिषद घेतलीत तर रुजू होताना प्रभार यादीत तीन गोष्टी लेखी मागा: परवानगी नोंदवही कुठल्या क्रमांकापर्यंत आली, १२७ च्या नोटिसा किती आणि कुठल्या तारखेच्या, आणि मंजूर आराखड्याची स्वाक्षरीची मूळ प्रत कोणाच्या कपाटात आहे. झेरॉक्सवर रस्त्याची रुंदी मोजू नका, कागद ताणला जातो.