धुऱ्यावरचं फूल आणि वर्गणीचा प्रोजेक्टर

शाळेसाठी वर्गणी काढून छोटा एलईडी प्रोजेक्टर बघायला गेलात की दुकानदार आधी चित्र मोठं करून दाखवतो. तुम्ही त्याला चित्र थांबवायला सांगा. काही मॉडेलांत पॉज दाबताच खाली काळी पट्टी येते आणि हटतच नाही, काहींत दोन-चार मिनिटांत स्क्रीनसेव्हर सुरू होतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला असं यंत्र काही कामाचं नाही, कारण तिथं खरं शिकणं चित्र थांबल्यावर सुरू होतं.

नॉर्मन मॅक्लारेनचा ‘नेबर्स’ घ्या. 1952 सालचा कॅनडाचा लघुपट, जेमतेम आठ मिनिटांचा, बोलणं अजिबात नाही. दोन शेजारी, मधोमध एक फूल उगवतं, दोघंही हरखून जातात आणि मग ते कुणाच्या हद्दीत यावरून जुंपते. धुऱ्यापायी, म्हणजे शेताच्या बांधापायी, भावाभावांत बोलणं बंद झालेलं ज्या गावांनी पाहिलं, तिथल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुंपण ठोकायला लागले की थांबवा. फूल, माणसं, कुंपण हे सगळं पडद्यावर स्पष्ट दिसत राहिलं पाहिजे. ‘कोण चुकलं?’ असं विचारू नका, पोट्टे लगेच दोन पार्ट्या पाडतात. ‘इथं कोणाला काय वेगळं करता आलं असतं?’ असं विचारा आणि पुरती दहा मिनिटं द्या. शेवटाकडे बायका-लेकरांना मारण्याचं दृश्य आहे. चौथीपर्यंतच्या मुलांना ते दाखवू नये, आधी स्वतः पाहून मिनिट-सेकंद टिपून ठेवा.

आता यंत्राकडे. खोक्यावर हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात, त्यावर जाऊ नका. ‘एएनएसआय ल्युमेन किती?’ म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला उजेड किती, एवढंच विचारा. दोन-तीनशेच्या यंत्राला दिवसा अंधार लागतोच, आणि खिडक्यांना ताडपत्री लावली की मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत चाळीस मुलं उकडून निघतात. म्हणून सकाळच्या शाळेचा पहिला तास धरावा. चित्र सहा फूट रुंद पुरे, त्याहून ताणलं तर फिकं पडतं. भिंतीचे पोपडे निघाले असतील तर पांढरी चादर चारही कोपऱ्यांना ओढून बांधा. यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरपं ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र सरळ करायच्या सोयीने) चौकोन जुळवला की चित्राचा एखादा कोपरा पुसट राहतो.

आवाज ही या यंत्रांची सगळ्यात दुबळी बाजू. पंखे सुरू झाले की आतला स्पीकर मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. वेगळा स्पीकर हवाच, आणि तो वायरने जोडा. ब्लूटूथवर बऱ्याचदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

पेनड्राइव्हवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी स्पीकरला दोष देण्याआधी फाइल तपासा. फाइलमधला आवाज डॉल्बी पद्धतीने साठवलेला असेल तर स्वस्त यंत्रांना तो बहुतेक झेपत नाही. एच 264 चित्र आणि एएसी आवाज (ही साठवण्याच्या पद्धतींची नावं) असलेली एमपी 4 फाइल करून घ्या. पेनड्राइव्ह फॅट 32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यात बसत नाही. मराठी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये दिली तर कित्येकदा अक्षरांऐवजी चौकोन उमटतात, म्हणून ती चित्रातच पक्की करून आणा.

लाइन गेली तर प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून शंभर-दीडशे वॉट धरा, घरगुती इन्व्हर्टरवर तास आरामात निघतो. मात्र इन्व्हर्टरवर जाताना यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं तर लघुपट पहिल्यापासून लागतो आणि रंगात आलेली चर्चा तुटते. रिमोटवरून नेमक्या मिनिटावर जाता येतं का, तेही दुकानातच पाहून घ्या.

धुळीपुढे मात्र ही यंत्रं हार मानतात. हवेच्या झरोक्यातून धूळ आत जाऊन बसली की चित्रावर धूसर डाग येतो आणि तो बाहेरून पुसून जात नाही. आतला भाग बंदिस्त असलेलं मॉडेल थोडं महाग पडतं, पण वर्गणीचा पैसा तिथंच घाला. आणि डाग आलाच तर खोलून कोण साफ करून देणार, हे बिल फाडण्याआधी विचारून घ्या.