घासलेलं रोमन नाणं ओळखायला 'ओक्रे': फुकट आहे, पण तयारीनिशी उघडा

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या या ऑनलाइन सूचीत ऑगस्टसपासून (इ.स.पू. ३१) झेनोपर्यंतची (इ.स. ४९१) रोमन नाणी आहेत. नवख्याने सम्राटाच्या नावापासून शोध सुरू करू नये. घासलेल्या नाण्यावर नावच आधी जातं.

आधी वजन आणि व्यास मोजा. मग दिवा एका बाजूने, नाण्याच्या जवळपास पातळीत धरा; उठाव सावलीत दिसतो. डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर बहुधा तिसरं शतक, मोत्यांची पट्टी असेल तर कॉन्स्टंटाइन किंवा नंतरचं.

खरी मदत मागच्या बाजूची. दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वज: ३३० ते ३३५. एकच ध्वज: ३३५ ते ३४१, आणि नाणंही लहान, साधारण १५ मिमी. हा फरक चेहरा पूर्ण पुसला तरी कळतो. तळाच्या रेघेखाली 'एसएमके' वाचता आलं तर टांकसाळ किझिकस (आजच्या तुर्कीतलं प्राचीन शहर). तेवढ्यावर शोधाची यादी बरीच आटते. पुढे संग्रहालयांतल्या नमुन्यांचे फोटो आणि वजनं ताडून पाहा.

उणीव मोठी आहे: प्रांतिक नाणी, म्हणजे साम्राज्याच्या प्रांतांत स्थानिक पातळीवर पाडलेली, यात नाहीत. कडेला ग्रीक अक्षरं दिसली की इथे वेळ घालवू नका, 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज'च्या साइटवर जा. दक्षिण भारत-श्रीलंकेतल्या स्थानिक नकलाही इथे सापडणार नाहीत. आणि अक्षरं दिसावीत म्हणून नाणं घासू तर मुळीच नका, हिरव्या थराबरोबर तीही निघतात.