गादी ओलीच, वरून 7,092 रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटून संपेल. लेकरांचं रात्री अंथरूण ओलं करणं बंद करतो म्हणत गावात आलेल्या बोगस डॉक्टरने घेतले ते एका घराचे 7,092 रुपये. तपासणी 100, पावडरीच्या तीन डब्या 1,250 प्रमाणे 3,750, ‘सेन्सर यंत्र’ 2,900 आणि ‘पॅकिंग-कुरिअर’ 342. माल हातात दिला होता, कुरिअर कुठून आलं ते आजवर कळलं नाही. गावातली अशी 11 घरं. त्यातल्या चार घरांनी दुसऱ्या कोर्सचे 2,500 फोनवरून पाठवले. बेरीज 88,012. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

भोंग्याची गाडी, ग्रामपंचायतीचं सभागृह, गळ्यात स्टेथोस्कोप, ‘सवलत फक्त आजच’. कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात नवं काही नाही. आम्हालाही माहीत होतं. पण सातव्या-आठव्या वर्षीही अंथरुणात मुतणाऱ्या लेकराबद्दल चारचौघांत कोण बोलतं? लग्नाला नेलं तर पाहुण्यांची गादी खराब, मामाच्या गावी पाठवायची सोय नाही, आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘एवढं मोठं पोट्टं, अजून मुतते?’ अशा वेळी बंद खोलीत, एकेका घराला वेगळं बोलावून कोणी विचारतो, तेव्हा माणूस उत्तर देतो आणि पैसेही देतो. शिकलेले होते आमच्यात. शिकलेल्यांनीच आधी दिले.

खरा जीव जळतो तो पथ्याच्या कागदावर. तो कागद हातात होता, वाचलाही होता. संध्याकाळी 5 नंतर पाणी बंद. चहा बंद. झोपताना दोनदा लघवी. रात्री 12 ला आणि 3 ला उठवून न्यायचं. आणि शेवटची ओळ: एक दिवस चुकला तर 41 दिवस पुन्हा पहिल्यापासून. या पथ्यावर चुलीतली राख चाटवली असती तरी आठ दिवस गादी कोरडीच राहिली असती! पाणीच आत गेलं नाही तर बाहेर येणार काय? पावडरीला ओव्याचा वास होता. त्यात आणखी काय होतं देव जाणे, डबीवर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना तारीख. कोणतंही आयुर्वेदिक औषध या तिन्हींशिवाय विकता येत नाही. डबी उलटी करून पाहायला दहा सेकंद लागली असती.

निम्मं पथ्य खरं होतं, तिथेच गोम आहे. संध्याकाळचा चहा बंद करा हे डॉक्टरही सांगतात, कारण चहाने लघवी वाढते आणि आपल्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही बशीत चहा-टोस देतात. झोपायच्या तयारीआधी एकदा आणि अगदी पाठ टेकण्याआधी पुन्हा एकदा लघवी, हेही बरोबर. पण 5 वाजता पाणी तोडणं हा गुन्हा आहे. लेकरू दिवसभर शाळेत तहानलेलं, घरी आलं की पुन्हा बंदी. लघवी गडद पिवळी होते, जळजळ सुरू होते, शौच खडा होतो. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला दाबतं, त्यात लघवी मावत नाही, आणि नवव्या-दहाव्या रात्री गादी पहिल्यापेक्षा जास्त ओली. तेव्हा तो फोनवर म्हणाला, ‘पथ्य चुकलं तुमचं, कोर्स पुन्हा घ्या.’ चार घरांनी घेतला.

आणि सिकलसेलचं, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, त्याने विचारलंही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हे आधी विचारायला हवं. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या, लेकराची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून रात्रीची लघवी जास्त होते आणि अंथरूण मोठेपणीही ओलं होत राहतं. त्याचं पाणी तोडलं तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात आणि हाडांत, पोटात कळा सुरू होतात. 11 लेकरांत एक एसएस होतं. त्याच्या आजीने कागद चुलीत घालून तिसऱ्या दिवशी पाणी सुरू केलं, ते तिचे उपकार. सिकलसेलची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, ती आधी करून घ्या.

मुळात पाच वर्षांखाली हा आजारच धरत नाहीत. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण 15 लेकरं रात्री ओली करतात, मुलगे मुलींपेक्षा जास्त, आणि दरवर्षी त्यातली साधारण 15 टक्के काहीही न करता कोरडी होतात. हाच त्या माणसाचा धंदा. शंभर घरांना राख विकली तरी वर्षभरात 15 घरं त्याचा फोटो देव्हाऱ्यात लावतील. आई-बापापैकी कोणी लहानपणी ओलं करत असेल तर लेकरातही ते येण्याची शक्यता जास्त. आजोबांना विचारा, सगळे एकमेकांकडे बघतील. लेकरू आळशी नसतं, मुद्दाम करत नसतं. रात्री लघवी कमी करणारं हार्मोन अजून पुरेसं येत नाही, झोप गाढ असते किंवा मूत्राशय लहान पडतं. मारून, चटके देऊन, ओली चड्डी गळ्यात अडकवून यातलं काहीच बदलत नाही.

मूत्राशय घरीच मोजता येतं. वय अधिक एक, गुणिले तीस, इतकं मिलिलिटर. सहा वर्षांच्या पोराचं 210. दिवसा, चांगली घाई लागलेली असताना, खुणांच्या भांड्यात तीन-चार दिवस मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. भांडं नसेल तर 180 ची रिकामी बाटली, दारूबंदीच्या जिल्ह्यातही ती नाल्याकाठी सापडतेच. खूपच कमी भरलं तर आधी शौच बघा, साफ होतं का, आणि दिवसभराचं पाणी बघा.

पाण्याचं गणित उलटं आहे. पोरं शाळेच्या संडासाला कुलूप किंवा वास म्हणून सकाळी 10 ते संध्याकाळी 5 पाणीच पीत नाहीत. घरी आल्यावर मग दोन गडू गटागटा, आणि तेच रात्री गादीत. पाणी तोडू नका, पुढे ढकला. दिवसभराचं बहुतेक पाणी दुपारी चारच्या आत जायला पाहिजे. संध्याकाळनंतर थोडं, झोपण्याआधीच्या तासात जवळजवळ नाहीच. मधल्या सुट्टीत लघवीला जायचं, हे गुरुजींशी बोलून पक्कं करा. एप्रिल-मे मध्ये, 45 डिग्रीत, तहान लागली तर रात्री नऊलाही पाणी द्यायचं. गादी धुता येते.

अर्ध्या घरांत तर पोरगं जागं होतं पण उठत नाही. संडास अंगणापलीकडे, लाइट गेलेली, विंचू-सापाची भीती. खोलीत झाकणाची बादली आणि एक छोटा दिवा ठेवा. यंत्रावर 2,900 घालवण्याआधी हे का सुचलं नाही?

यंत्राबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. अंथरूण ओलं झालं की वाजून लेकराला उठवेल म्हणे. उघडून पाहिलं तेव्हा कळलं, पाण्याची टाकी भरल्यावर ओरडणारा अलार्म. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोनशेच्या आत मिळतो. वरचं स्टिकर बदललेलं, खाली दोन उघड्या तारा. सभागृहात त्याने त्यावर पाव ग्लास पाणी ओतलं, यंत्र किंचाळलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. लाज! दोन चमचे पाणी, आणि तेही वाकळीवरून ओतायला सांगायचं होतं. वाकळीतून झिरपून तारांपर्यंत लघवी पोचेस्तोवर लेकरू मोकळं झालेलं असतं. उन्हाळ्यात उलट घामानेच वाजतं आणि पाचव्या रात्री घरचेच सेल काढून ठेवतात. खरा अलार्म असतो आणि तो काम करतो, पण त्याचा सेन्सर चड्डीला लागतो, पहिल्या थेंबांनाच वाजतो, आणि सुरुवातीला लेकरू उठत नाहीच, घरच्या माणसाला उठून त्याला पूर्ण जागं करून बादलीपर्यंत न्यावं लागतं. हे रोज, दोन-तीन महिने, सलग 14 रात्री कोरड्या जाईपर्यंत. सहा-सात वर्षांआधी नको. झोपेतच उचलून नेऊन मुतवलं तर चादर वाचते, लेकरू काही शिकत नाही.

गोळीही आहे, डेस्मोप्रेसिन. पण गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास घोटभर पाण्यापलीकडे काही द्यायचं नाही, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येतात. म्हणून डॉक्टरशिवाय नको. यासाठीच देतात ती दुसरी गोळी, इमिप्रामीन, कोणी मेडिकलवाला नुसती काउंटरवरून देत असेल तर घेऊ नका, जास्त झाली तर हृदयावर जाते.

आता तक्रारीचं. ठाण्यात पहिला प्रश्न: ‘काय, पोट्टं मुतते म्हणून रिपोर्ट द्यायला आले काय?’ चार जण हसले. मग म्हणे एका घराचे सात हजारच, किरकोळ, अदखलपात्र लिहून देतो. 11 घरांचे 88,012 एकत्र का धरत नाही, तर म्हणे प्रत्येकाने वेगळं या. वेगळे आले तर पुन्हा किरकोळ. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे एवढ्या उशिरा पैसे थांबत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच पाठवलेत. बँक म्हणते पोलिसांकडे जा. औषध प्रशासनाच्या कार्यालयात बिल आणि न फोडलेली डबी मागितली. तालुक्यात बोगस डॉक्टर शोधायची समिती आहे म्हणे, ती सापडली की कळवू. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, सगळं छान, पण समोरच्याचं नाव-पत्ता द्या. पत्ता असता तर त्याच्याच दारात बसलो असतो! शेवटी ग्रामपंचायतीत सभागृहाची पावती पाहिली, भाडं 500 रुपये, घेणाऱ्याचं नाव: ‘डॉ. साहेब’. सही इंग्रजीत, वाचता येत नाही. दवंडी मात्र पंचायतीच्याच घंटागाडीवरून फिरली होती.

तरी जाताना कलम 318, भारतीय न्याय संहिता, म्हणजे जुनं 420, हे तोंडात ठेवा. निदान खुर्ची मिळते. यूपीआयचा 12 अंकी क्रमांक लिहून ठेवा, 1930 ला त्याच तासात फोन करा, आमच्यासारखं 47 दिवसांनी नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दवाखाना कधी, हेही ऐका, कारण तो माणूस हे सांगणार नाही. सहा महिने कोरडं राहिलेलं लेकरू अचानक ओलं करू लागलं. खूप तहान, वजन उतरतंय, लघवीला मुंग्या लागतात: साखर त्याच दिवशी तपासा. दिवसाही चड्डी ओली, जळजळ, ताप, धार थेंबथेंब. जोरात घोरतं. चालण्यात बदल किंवा कमरेवर केसांचा पुंजका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, तिथे लाज न धरता सांगा. फुकट आहे. तोवर गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची घडी, पुन्हा मेणकापड, पुन्हा घडी. रात्री वरचा जोड ओढून काढला की खालचा कोरडा तयार, दिवा न लावता काम होतं.

त्याची पांढरी गाडी शेजारच्या तालुक्यातल्या आठवडी बाजारात दिसली असं ऐकतो. तुमच्या घरी त्याच्या डब्या असतील आणि तिसरी अजून फोडली नसेल, तर फोडू नका, फेकूही नका. औषध प्रशासनाच्या कार्यालयाला तीच पाहिजे आहे, आणि आमच्या 11 घरांत एकही उरलेली नाही.